८५ हजारांचा कोर्स की दुधाच्या डेअरीचा हिशोब? कमी पैशांत कोडिंगचा खरा अनुभव कसा मिळवायचा

(हा भाग ऐकायला वेळ नसेल, किंवा एसटीत रेंज गेली असेल, तर हे वाचा. बोलताना जे जसं आलं ते बरंचसं तसंच ठेवलंय. फक्त माझे ‘अं…’, ‘म्हणजे कसंय’ आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे.)



आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे करतेय. गेल्या आठवड्यात औशाकडच्या एका मुलाने पाठवली. बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. आवाज एकदम हळू, बहुतेक घरात कुणी झोपलेलं असावं. तो म्हणतो, “ताई, पुण्यातल्या एका क्लासवाल्यांनी सांगितलंय, सहा महिन्यांचा फुल स्टॅक कोर्स, ८५ हजार रुपये. हप्त्यांनी भरता येतात. पप्पा म्हणतात सोयाबीनचे पैसे आले की भरू. पण मला भीती वाटते. पैसे गेले आणि नोकरी नाही लागली तर? आणि क्लास नाही लावला तर अनुभव कुठून आणायचा? सगळे एक्सपिरियन्स मागतात. रविवारपर्यंत सीट पक्की करायची आहे.”

मी ती नोट तीन वेळा ऐकली. कारण सहा वर्षांपूर्वी ही नोट मीच कुणाला तरी पाठवली असती. फरक एवढाच की आमच्या घरी सोयाबीनच्या जागी आईच्या पाटल्या होत्या.

म्हणून आज मी तुम्हाला माझा हिशोब सांगणार आहे. किती पैसे गेले, कशावर गेले, काय चुकलं, आणि अनुभव नक्की कुठून आला. शेवटी त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर देते. मधूनच उडी मारू नका हं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू: शिकणं वेगळं, अनुभव वेगळा

शिकणं आज जवळजवळ फुकट झालंय. हार्वर्ड विद्यापीठाचा ‘सीएस ५०’ हा कोर्स, डेव्हिड मलान सर शिकवतात तो, अख्खा फुकट बघता येतो. ‘फ्रीकोडकॅम्प’ २०१४ पासून फुकट शिकवतंय. ‘द ओडिन प्रोजेक्ट’ आहे. आपल्याकडे आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांचे एनपीटीईएलचे व्हिडिओ आहेत. ते बघायला पैसे लागत नाहीत, फक्त सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची असेल तर साधारण १,००० रुपये फी. आणि ज्यांना इंग्रजीची धास्ती आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प. त्यात लिनक्स, पायथन, सी अशा कितीतरी विषयांचे छोटे धडे मराठीत ऐकता येतात. मी सुरुवात तिथूनच केली. एक धडा दहा-बारा मिनिटांचा. थांबवायचा, स्वतः करून बघायचा, मग पुढे.

एकच सल्ला. यातलं एकच निवडा. मी सुरुवातीला चार कोर्स एकदम सुरू केले होते आणि चारही दुसऱ्या आठवड्यात सुटले. चार ताटं वाढून घेतली म्हणून पोट चार वेळा भरत नाही.

मग अनुभव म्हणजे काय? माझी व्याख्या साधी आहे. तुमचा कोड चुकला तर तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं तरी काम अडायला हवं. तोपर्यंत तो सराव. सराव लागतोच, पण इंटरव्ह्यूमध्ये ‘एक्सपिरियन्स’ म्हणतात तो हा दुसरा प्रकार. आणि तो कुठल्याच क्लासमध्ये विकत मिळत नाही, कारण क्लासमध्ये सगळ्यांचा प्रोजेक्ट एकच असतो. तीच शॉपिंग कार्टची वेबसाइट, तोच वेदर ॲप.

लॅपटॉप नव्हता, मग कशावर?

फोनवर. हो, फोनवर.

माझ्याकडे तेव्हा ४ जीबी रॅमचा एक साधा अँड्रॉइड होता. त्यावर ‘टर्मक्स’ नावाचं ॲप टाकलं. हे म्हणजे फोनमधलं छोटं लिनक्स. त्यात खरं पायथन चालतं, गिट चालतं, डेटाबेस चालतो. टाकताना एक काळजी घ्या. ते ‘एफ-ड्रॉइड’ या ॲप स्टोअरवरून किंवा टर्मक्सच्याच गिटहब पानावरून घ्या. कुठल्या तरी टेलिग्राम चॅनलवरून ‘प्रो व्हर्जन’ म्हणून आलेली फाइल टाकू नका. टर्मक्सला प्रो व्हर्जन नाहीच.

टाकल्यावर पहिल्या दोनच कमांड. ‘पीकेजी अपडेट’, मग ‘पीकेजी इन्स्टॉल पायथन गिट’. डेटा बऱ्यापैकी जातो, त्यामुळे रात्री दिवसाचा उरलेला डेटा संपवताना करा, नाहीतर कॉलेजच्या वाय-फायवर. कोड लिहायला ‘नॅनो’ नावाचा एडिटर टर्मक्समध्येच टाकता येतो, किंवा ‘एकोड’ हे वेगळं ॲप घ्या. वेबपेज बनवत असाल तर पायथनचा छोटा सर्व्हर फोनवरच सुरू होतो आणि त्याच फोनच्या ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट ८०००’ टाकलं की पान दिसतं.

पण अंगठ्याने कोड लिहिणं म्हणजे छळ आहे. कंस शोधता शोधता विचार विसरतो. म्हणून मी पहिला खर्च केला. ओटीजी केबल १०० रुपये आणि एका नेट कॅफेवाल्याने दुकान बंद करताना विकलेला जुना कीबोर्ड १५० रुपये. एकूण २५०. फोन स्टीलच्या डब्याला टेकवून उभा करायचा आणि समोर कीबोर्ड. माझा भाऊ याला ‘टिफिन पीसी’ म्हणायचा.

ज्यांना हे झेपत नाही त्यांच्यासाठी ‘गूगल कोलॅब’. ब्राउझरमध्ये उघडतं, पायथन त्यांच्या मशीनवर चालतं, फोनवर काही टाकावं लागत नाही. आणि ‘गिटहब कोडस्पेसेस’. वैयक्तिक खात्याला महिन्याला १२० कोअर-तास फुकट देतात. सगळ्यात छोटं मशीन दोन कोअरचं, म्हणजे प्रत्यक्षात ६० तास. रोज दोन तास झाले की! फक्त काम संपलं की ते बंद करायला विसरू नका, नाहीतर तुम्ही जेवायला गेलात तरी काही वेळ मीटर चालू राहतं.

मामाची डेअरी

आता मूळ गोष्ट.

बार्शीजवळच्या आमच्या गावात माझ्या मामाचं दूध संकलन केंद्र आहे. छोटंसं. तेव्हा साठेक उत्पादक होते. सकाळ-संध्याकाळ लोक किटली घेऊन येतात. मामा दूध मोजतो, थोडं मशीनला लावतो, फॅट आणि एसएनएफ येतो. फॅट म्हणजे स्निग्धांश, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधात जे घन पदार्थ असतात ते. गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. फॅट त्याच्यावर एक पॉइंट गेला, म्हणजे ३.६ झाला, की लिटरमागे ठरावीक पैसे वाढतात. खाली आला की कापतात. आमच्याकडे तेव्हा वरच्या एका पॉइंटला ३० पैसे होते.

दर दहा दिवसांनी बिल. साठ माणसं, दिवसाच्या दोन नोंदी, दहा दिवस. म्हणजे १,२०० नोंदी. त्यातून पशुखाद्याच्या पोत्याची उधारी वजा, कुणी उचल घेतली असेल तर ती वजा. हे सगळं मामा वहीत करायचा, कॅल्क्युलेटर घेऊन, बिलाच्या आदल्या रात्री एक-दीडपर्यंत. मामी चहा करून करून वैतागलेली असायची.

मी म्हटलं, “मामा, मी करून देते.”

मामा हसला. मग एकदम गंभीर झाला. म्हणाला, “बाई, आकडा चुकला तर माणूस भांडत नाही. दुसऱ्या दिवशी गपचूप दुसऱ्या डेअरीला दूध घालतो.”

हे वाक्य मी आजपर्यंत विसरले नाही. सॉफ्टवेअरमधला युजर असाच असतो. तक्रार करत नाही, ॲप काढून टाकतो.

तर काम सुरू केलं. आणि इथे मला पहिल्यांदा कळलं की कोड लिहिणं हा कामाचा छोटा भाग आहे. आधी चार दिवस मी फक्त केंद्रावर बसले, वही बघत. प्रश्नच प्रश्न. एकाच घरातून दोघे दूध घालतात, बिल एक का दोन? गाईचं आणि म्हशीचं दूध एकाच माणसाचं असेल तर? मशीन बंद पडलं त्या दिवशी फॅट काय धरायचा? मामा म्हणाला, “आदल्या दिवसाचा धरतो.” हे कुठल्या कोर्समध्ये सांगणार? हे विचारावंच लागतं. आता कंपनीत याला मोठं नाव आहे, ‘रिक्वायरमेंट गॅदरिंग’. मी तेव्हा त्याला ‘मामाला पिडणं’ म्हणायचे.

डेटा ठेवायला एसक्यूलाइट वापरलं. हा डेटाबेस पायथनसोबत आयताच येतो, वेगळा सर्व्हर लागत नाही, सगळा डेटा एका फाइलमध्ये बसतो. तीन टेबल केली. उत्पादक, रोजच्या नोंदी, आणि उचल-उधारी. मग एक छोटा प्रोग्राम जो नोंदी घेतो, आणि दुसरा जो दहा दिवसांचं बिल काढतो. एकूण तीनशे ओळीसुद्धा नव्हत्या. दीड महिना लागला, कारण मी प्रत्येक दुसऱ्या ओळीला अडत होते.

आजींचे ३६ रुपये

पहिल्या बिलाला आम्ही दोन्ही केलं. वही पण आणि प्रोग्राम पण. पण मामाने वही पूर्ण तपासली नाही. दहा-बारा नावं ताडून बघितली, सगळी जुळली, मामा खूश. म्हणाला, “सोड वही.” रात्री साडेनऊलाच बिलं तयार. मामी म्हणाली, लेकीने पुण्य केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक आजी आल्या. सत्तरीच्या. दोन गाई, रोजचं बारा लिटर. चिठ्ठी हातात. म्हणाल्या, “ह्यात छत्तीस रुपयं कमी हायती.”

मामाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आजी, कॉम्प्युटरने केलंय, चुकणार नाही.

मित्रांनो, हे वाक्य आयुष्यात कधी म्हणू नका.

आजींना सगळं पाठ होतं. “माजा फॅट दहाबी दिस तीन आठ लागलाय. तीन पॉइंट वर. नव्वद पैसं. तुमी साठच धरल्यात.” बारा लिटर, दहा दिवस, १२० लिटर. ३० पैसे कमी. छत्तीस रुपये. बरोबर!

मी फोन घेऊन मागच्या खोलीत गेले. तोंड गरम झालेलं. टर्मक्स उघडलं आणि पायथनला विचारलं, ३.८ वजा ३.५ किती? आपल्याला माहितीये ०.३. पायथनने उत्तर दिलं ०.२९९९९९९९९९९९९९९८.

का? कॉम्प्युटर दशांश आकडे आपल्यासारखे दहाच्या हिशोबात ठेवत नाही, दोनच्या हिशोबात ठेवतो. जसं आपण एक भागिले तीन लिहायला गेलो की ०.३३३३ असं संपतच नाही, तसं त्याच्यासाठी ३.८ हा आकडा संपत नाही. मग तो कुठेतरी कापतो, आणि मिळतो ३.८ पेक्षा केसभर छोटा आकडा. ही पायथनची चूक नाही. बहुतेक सगळ्या भाषांत असंच होतं.

आता माझी चूक. मी तो फरक ०.१ ने भागला, म्हणजे पॉइंट किती ते कळावं. आलं २.९९९ आणि पुढे बरेच आकडे. आणि त्यावर मी ‘इंट’ लावलं होतं, म्हणजे पूर्णांक करणारं फंक्शन. पण इंट जवळचा पूर्णांक देत नाही. पॉइंटनंतरचं सगळं सरळ छाटून टाकतं. २.९९९ चे झाले २. आजींचा एक पॉइंट गेला.

आणि गंमत बघा, सगळ्या फॅटला हे होत नाही. ३.६ ला बरोबर येतं. ३.७ ला बरोबर. ४.० ला बरोबर. ३.८, ३.९, ४.१ ला चुकतं. मामाने ताडून बघितलेल्या नावांत यातला फॅट कुणाचाच नव्हता. मी स्वतः कोड तपासला होता तो ३.५, ३.६ आणि ४.० टाकून. गोल-गोल आकडे! तुमच्याकडे टर्मक्स किंवा कोलॅब असेल तर आत्ता करून बघा, खोटं वाटेल.

उपाय दोन ओळींचा होता. दशांश ठेवायचाच नाही. ३.८ ला आत घेतानाच दहाने गुणून जवळच्या पूर्णांकात आणायचं, ३८ म्हणून साठवायचं. ३८ वजा ३५, तीन. संपला विषय. पैसेसुद्धा रुपयांत नाही, पैशांत साठवायचे, पूर्णांक म्हणून. शेवटी चिठ्ठी छापतानाच शंभरने भागायचं.

पण उपाय करून काम संपत नाही ना. चौदा जणांचे पैसे कमी गेले होते. सगळ्यांचे मिळून सहाशेच्या वर. मामा एक शब्द बोलला नाही. त्याने दुपारी फळ्यावर लिहिलं, ‘मागील बिलात चूक झाली आहे. फरक पुढील बिलात मिळेल.’ आजींना मात्र ३६ रुपये तिथल्या तिथे रोख दिले. मी द्यायला गेले. आजी म्हणाल्या, “शिकतीयास नव्हं? मग व्हतंय.”

पुढचे तीन महिने प्रत्येक बिलाला मी वही आणि प्रोग्राम दोन्ही जुळवलं, सगळ्या साठ नावांचं. आणि एक छोटा तिसरा प्रोग्राम लिहिला जो ३.० पासून ५.० पर्यंतचा प्रत्येक फॅट टाकून उत्तर दरपत्रकाशी ताडून बघतो. कोडमध्ये काही बदललं की आधी तो चालवायचा. याला ‘टेस्टिंग’ म्हणतात हे मला नंतर कळलं. मला टेस्टिंग आजींनी शिकवलं.

गिट, आणि काय चव्हाट्यावर टाकायचं नाही

त्या चुकीनंतर मी गिट नीट शिकले. गिट म्हणजे तुमच्या कोडची वही, ज्यात प्रत्येक बदल तारखेसकट राहतो. लिनस टॉरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी बनवलं. आणि गिटहब म्हणजे ती वही इंटरनेटवर ठेवायची जागा. गिट आणि गिटहब एकच नाही, इंटरव्ह्यूला हे विचारतात.

फुकट खातं काढा. प्रत्येक बदलासोबत काय केलं ते एका वाक्यात लिहा. ‘अपडेट’, ‘फायनल’, ‘फायनल २’ असलं नको. माझ्या त्या दिवसाच्या नोंदीत लिहिलंय, ‘३.८ फॅटला एक पॉइंट कमी लागत होता, दुरुस्त’. वाचणाऱ्याला लगेच कळतं.

आणि दोन गोष्टी तिथे कधीही टाकायच्या नाहीत. एक, लोकांचा डेटा. डेअरीची खरी फाइल, कुणी किती दूध घातलं, कुणावर किती उधारी, हे माझ्या फोनमध्ये आणि मामाच्या पेनड्राइव्हवरच राहिलं. गिटहबवर खोटी नावं आणि खोटे आकडे. दोन, पासवर्ड आणि एपीआय की. सार्वजनिक कोडमध्ये की गेली की ती शोधणारे बॉट बसलेलेच असतात. आणि नुसती पुढच्या बदलात काढून टाकून उपयोग नाही, कारण गिटच्या इतिहासात ती राहते. अशी चूक झालीच तर ती की रद्द करून नवीन घ्या.

कॉलेजला असाल तर ‘गिटहब स्टुडंट डेव्हलपर पॅक’साठी अर्ज करा. कॉलेजचा पुरावा लागतो, पैसे नाही. आणि ‘गिटहब पेजेस’वर तुमची साधी वेबसाइट फुकट ठेवता येते. होस्टिंग विकत घ्यायची घाई नको.

गावात डेअरी नसेल तर?

डेअरीच पाहिजे असं नाही. किराणा दुकानाची उधारी, भिशी, गणेश मंडळाची वर्गणी, अभ्यासिकेच्या जागा, गावातल्या पाणीपट्टीची यादी. जिथे जिथे वही आहे तिथे तिथे तुमचा प्रोजेक्ट आहे. फक्त माणूस असा निवडा जो तुम्हाला रागावू शकेल.

दुसरा रस्ता ओपन सोर्स. म्हणजे जगभरातले लोक मिळून लिहितात ते उघडं सॉफ्टवेअर. पहिल्याच दिवशी कोड बदलायची गरज नाही. मराठी येतं ना? ‘ट्रान्सलेटविकी’वर विकिपीडियाच्या सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर करता येतं, ‘पॉन्टून’वर फायरफॉक्सचं. त्यातून प्रोजेक्ट कसे चालतात, तपासणी कशी होते ते कळतं. मग गिटहबवर ‘गुड फर्स्ट इश्यू’ अशी पट्टी लावलेली कामं शोधा. माझा पहिला बदल एका माहितीपानातली चुकलेली कमांड दुरुस्त करण्याचा होता. एक ओळ. मंजूर व्हायला अकरा दिवस लागले आणि मी रोज चार वेळा बघत होते.

याच रस्त्यावर पुढे ‘गूगल समर ऑफ कोड’ आहे. २००५ पासून चालू आहे. २०२२ पासून विद्यार्थी असण्याची अटही नाही, वय १८ पूर्ण आणि ओपन सोर्समध्ये नवखे असलात तरी अर्ज करता येतो. निवड झाली तर मानधन मिळतं. अर्ज भरायला पैसे लागत नाहीत.

यावरून आठवलं. जी इंटर्नशिप तुमच्याकडून ‘रजिस्ट्रेशन फी’ मागते ती इंटर्नशिप नाही, ते दुकान आहे. १,९९९ रुपयांत ऑफर लेटर आणि सर्टिफिकेट. मी पण एकदा भरलेत, नाव घेत नाही. त्या सर्टिफिकेटबद्दल मला आजपर्यंत कुणीही एक प्रश्न विचारलेला नाही.

आणि अजून एक सावधगिरी. क्लाउडचं ‘फ्री’ खातं काढताना कार्ड मागितलं तर थांबा. मर्यादा ओलांडली की बिल सुरू होतं, आणि सुरू ठेवलेलं मशीन रात्री झोपत नाही. शिकायच्या काळात कार्ड न देता जेवढं होतं तेवढं पुष्कळ आहे.

लॅपटॉप कधी?

फोनवर अडायला लागलात की. मी आठव्या महिन्यात घेतला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, रिफर्बिश्ड, १४,००० रुपये. त्यातले ६,००० मामाने दिले. म्हणाला, तुझी मजुरी.

बघायचं काय? ८ जीबी रॅम, आणि हार्ड डिस्कऐवजी एसएसडी. जुन्या मशीनला एसएसडीनेच जीव येतो. दुकानातच चालू करून सगळी बटणं दाबून बघा, चार्जर काढून वीस मिनिटं चालवा, बायोसला पासवर्ड नाही ना ते बघा, आणि बिल व वॉरंटी कागदावर घ्या. त्यावर ‘लिनक्स मिंट’ टाका, फुकट आहे आणि जुन्या मशीनवर बरं चालतं.

म्हणजे माझा एकूण खर्च किती? कीबोर्ड-केबल २५०, फसलेली इंटर्नशिप १,९९९, एक एनपीटीईएल परीक्षा १,०००, लॅपटॉप १४,०००. एकूण १७,२४९. फोन आणि रिचार्ज आधीचाच.

वेळ मात्र भरपूर गेला. पहिल्या दिवसापासून नोकरीपर्यंत चौदा महिने. नकार किती आले ते मोजणं मी सोडून दिलं होतं. ज्या छोट्या कंपनीत शेवटी काम मिळालं तिथे पाऊण तासाच्या इंटरव्ह्यूतला अर्धा तास आजींच्या ३६ रुपयांवर गेला. समोरच्या सरांनी वहीवर ३.८ वजा ३.५ लिहून विचारलं, “मग तुम्ही हे पकडलं कसं?” मी म्हटलं, मी नाही पकडलं.

आता औशाच्या भावाला उत्तर

मी तुला क्लास लावू नको असं सांगणार नाही. काही क्लास चांगले असतात. काही मुलांना रोज उठून कुठेतरी जाण्याची शिस्त लागते, सोबत लागते, अडलं की विचारायला माणूस लागतो. फुकटच्या रस्त्यावर हे तीनही मिळणं अवघड आहे. मी कितीतरी रात्री एकटीच रडलेय एका कंसापायी. ते खोटं नाही सांगणार.

पण रविवारपर्यंत सीट पक्की कर म्हणणाऱ्याला पाच प्रश्न विचार. मागच्या बॅचमधल्या तीन मुलांशी तू स्वतः फोनवर बोलू शकतोस का? शिकवणारा माणूस रोज कोड लिहितो का? प्रोजेक्ट सगळ्यांना एकच आहे का? मध्येच सोडलं तर किती पैसे परत, आणि हे लेखी देणार का? आणि हप्ता म्हणतात तो क्लासचा हप्ता आहे, की तुझ्या पप्पांच्या नावावर कर्ज आहे? शेवटचा प्रश्न नीट विचार. कर्ज असेल तर तू क्लास सोडलास तरी हप्ते सुटत नाहीत.

आणि स्वतःला नव्वद दिवस दे. पहिले तीस दिवस एकच कोर्स, रोज दीड तास, फोनवर. पुढचे तीस दिवस गावातली एक वही शोध आणि तिचं काम कर. शेवटचे तीस दिवस ते खऱ्या माणसाला वापरायला दे आणि तो जे जे सांगेल ते दुरुस्त कर. नव्वद दिवसांनी तुला तीनपैकी एक गोष्ट कळेल. एक, हे काम तुला आवडतच नाही. मग पप्पांचे ८५ हजार वाचले. दोन, आवडतं आणि एकट्याने जमतंय. तरी वाचले. तीन, आवडतं पण सोबत लागते. मग क्लास खुशाल लाव, पण तेव्हा तुला काय विचारायचं ते माहीत असेल.

सीट कुठे जात नाही रे. अशा सीटा दर रविवारी भरतात.

आणि तुझ्या पप्पांना हा भाग ऐकव. सोयाबीनचा हिशोब ते कशात ठेवतात ते पण विचार. वहीत ठेवत असतील तर तुझं काम तिथूनच सुरू होतंय.

चला मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्याकडे कुठली वही आहे, ते मला व्हॉइस नोटवर सांगा. आणि हो, आजी अजून दूध घालतात. परवाच्या चिठ्ठीचा फोटो मामाने पाठवला होता. फॅट ३.९. मी कोडवर विश्वास असूनही हाताने मोजून बघितलं. बरोबर होतं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!